स्पॅनिश भाषकांना कामाच्या जबाबदारीविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत

स्पॅनिश मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी शिकायला येतो तेव्हा त्याच्यापाशी बऱ्यापैकी शिदोरी आधीच असते. रिस्पॉन्सिबिलिटी, ऑब्लिगेशन, डेलिगेट, सुपरवाइज हे शब्द लॅटिन मुळाचे असल्यामुळे ते त्याला ऐकताक्षणी कळतात आणि म्हणूनच कंपनीचे लेखी धोरण किंवा नोकरीचा करारनामा वाचताना तो फारसा अडखळत नाही. तो अडखळतो मीटिंगमध्ये, कारण तिथे वरिष्ठ जबाबदारीचे नावही न घेता चेंडू, दोर, टोपी, वजन आणि ताट यांच्याविषयी बोलत असतात. शब्द सगळे सोपे, एका-दोन अक्षरांचे. पण वाक्य संपल्यावर काम नेमके कोणी करायचे आहे, हे त्याला उमगलेले नसते.

स्पॅनिश भाषकांना वर्गात किंवा ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या, तसेच स्पॅनिश भाषक सहकाऱ्यांसोबत काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. आपण स्वतः हे वाक्प्रचार मराठीच्या आधाराने शिकलेलो असतो आणि तो आधार विद्यार्थ्याच्या उपयोगाचा नसतो. त्यामुळे स्पॅनिशमध्ये त्याच जागी काय म्हणतात, याची निदान तोंडओळख शिक्षकाने करून घेतलेली बरी.

आधी पायाचे शब्द

वाक्प्रचारांना हात घालण्यापूर्वी ज्या साध्या शब्दांवर ते उभे असतात ते तपासून घ्यावेत. सर्वांत जास्त वेळ रिस्पॉन्सिबल या शब्दाला द्यावा लागतो. स्पॅनिशमध्ये ‘रेस्पोन्साब्ले’ हे नामही आहे आणि त्याचा अर्थ एखाद्या कामाचा प्रमुख, असा होतो. शिवाय त्याच्यासोबत ‘दे’ हे अव्यय येते. परिणामी विद्यार्थी सहजपणे ‘आय ॲम द रिस्पॉन्सिबल ऑफ द प्रोजेक्ट’ असे म्हणतो. इंग्रजीत हे विशेषण असून त्याला ‘फॉर’ लागते, तर ‘इन चार्ज’ला ‘ऑफ’ लागते. हे दोन्ही प्रयोग एकाच दिवशी शिकवले तर विद्यार्थी त्यांची अदलाबदल करतो, म्हणून मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. अर्थाची गफलत त्याहून महागात पडते. काही बिनसल्यावर इंग्रजी बोलणारे वरिष्ठ ‘हू इज रिस्पॉन्सिबल फॉर धिस?’ असे विचारतात तेव्हा चूक कोणाची, असा त्यांचा रोख असतो. विद्यार्थ्याच्या कानांना मात्र ‘या कामाचा प्रमुख कोण?’ असे ऐकू येते आणि तो तत्परतेने हात वर करतो.

अकाउंटेबल हा शब्द वेगळा समजावून द्यावा, कारण स्पॅनिशमध्ये या दोन्ही छटांसाठी बहुधा एकच शब्द वापरला जातो. ‘रेंदीर कुएन्तास’, म्हणजे हिशेब देणे, हा त्यांचा नेहमीचा प्रयोग पुढे केला की फरक लगेच कळतो: काम करतो तो रिस्पॉन्सिबल आणि त्या कामाचा जाब ज्याला द्यावा लागतो तो अकाउंटेबल. ‘कोम्प्रोमीसो’ म्हणजे दिलेला शब्द किंवा बांधिलकी. त्याचे कॉम्प्रमाइजशी असलेले साम्य केवळ दिसण्यापुरते आहे. ‘एवेन्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘झाले तर झाले’, आणि इंग्रजी इव्हेंच्युअली म्हणजे ‘शेवटी, पण नक्की’. काम पूर्ण होण्याविषयी बोलताना या दोहोंमधली सरमिसळ परवडणारी नसते. मुलाखतीत ‘माय फंक्शन्स वेअर’ असे सुरू होणारे वाक्य ऐकू आले तर तिथे ड्युटीज किंवा रिस्पॉन्सिबिलिटीज हा शब्द बसवून द्यावा. त्याचप्रमाणे, स्पेनमधल्या नोकरीच्या जाहिरातींत हमखास दिसणारा ‘पोलिव्हालेन्ते’ हा शब्द इंग्रजी अर्जात पॉलिव्हॅलंट होऊन आला तर तो लशीच्या माहितीपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो. तिथे व्हर्सटाइल म्हणावे.

जबाबदारी आत्ता कोणाकडे आहे?

वाक्प्रचार वर्णानुक्रमे किंवा विषयवार पाठ करून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. त्यापेक्षा प्रत्येक वाक्प्रचाराला एकच प्रश्न विचारायला शिकवावे: जबाबदारी आत्ता कोणाकडे आहे आणि ती कोणत्या दिशेने निघाली आहे? ती कोणी स्वतःहून घेत आहे, दुसऱ्याकडे सरकवत आहे, वाटून घेत आहे, हातातून निसटू देत आहे, की ती आपल्या अधिकाराबाहेरची आहे असे सांगत आहे? हे ओळखता आले की अर्थाचा बारकावा थोडा चुकला तरी मीटिंगनंतर होणारा घोटाळा टळतो.

सुरुवात दोन्ही भाषांत सारख्या असलेल्या प्रयोगांनी करावी. ‘टेक द रेन्स’ला, म्हणजे लगाम हाती घेण्याला, ‘तोमार लास रिएन्दास’ आहे, हात बांधलेले असण्याला ‘तेनेर लास मानोस आतादास’ आहे आणि नकोशा प्रकरणाचा गरम बटाटा दोन्हीकडे हातोहात फिरतो. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात, एवढाच काय तो भेद. यांवर दहा मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये.

खरी मौज ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ इथे सुरू होते. टेनिसमधून आलेल्या या प्रयोगाचा अर्थ ‘आता पुढचे पाऊल तुम्ही उचलायचे आहे’ असा आहे. स्पेनमध्ये याच अर्थाने चेंडू तुमच्या छपरावर आहे, असे म्हणतात: ‘ला पेलोता एस्ता एन तू तेहादो’. लॅटिन अमेरिकेत चेंडू ‘कांचा’मध्ये, म्हणजे मैदानात असतो आणि हा शब्द मुळात केचुआ या दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे. स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा असल्यामुळे विद्यार्थी कुठला आहे हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. मेक्सिकोच्या माणसाला छपराचे उदाहरण दिले तर त्याच्यासाठी एकाऐवजी दोन कोडी तयार होतात. याचे आणखी एक कारण आहे. बैलाची शिंगे धरणे, म्हणजे अडचणीला थेट भिडणे, हा प्रयोग दोन्ही भाषांत आहे. परंतु स्पेनमध्ये त्यात येणारे ‘कोहेर’ हे साधे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील समजले जाते आणि तिथे ‘तोमार’ किंवा ‘आगार्रार’ वापरतात. वर्गात वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी असतील तर हे शिक्षकाला आधी ठाऊक असावे, अन्यथा वर्ग का हसतो आहे ते त्याला कळणार नाही.

‘स्टेप अप टु द प्लेट’, ‘टच बेस’ आणि ‘कव्हर ऑल द बेसेस’ हे प्रयोग बेसबॉलमधून आलेले आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताक, क्यूबा, व्हेनेझुएला किंवा पोर्तो रिको इथल्या विद्यार्थ्याला फलंदाज पाटीपाशी येऊन उभा राहतो ते चित्र डोळ्यांसमोर आणता येते, किंबहुना तिथल्या समालोचनात त्या पाटीला ‘प्लातो’ असेच म्हणतात. स्पेन किंवा अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्याचे जग फुटबॉलचे असते, त्यामुळे त्याला चित्र न दाखवता थेट अर्थ द्यावा: ‘स्टेप अप टु द प्लेट’ म्हणजे कोणी पुढे येत नसताना आपण पुढे होऊन जबाबदारी घेणे. त्याच्या भाषेतला ‘दार ला कारा’, म्हणजे तोंड न लपवता समोर उभे राहणे, हा प्रयोग याच्या बराच जवळ जातो, मात्र त्यात झालेल्या गोष्टीची जबाबदारी पत्करण्याची छटा अधिक असते.

इथेच दुसरी प्लेट आडवी येते. ‘आय हॅव अ लॉट ऑन माय प्लेट’ यातली प्लेट जेवणाची आहे आणि अर्थ आहे ‘माझ्याकडे आधीच पुष्कळ काम आहे’. म्हणजे एका प्लेटपाशी माणूस जबाबदारी घ्यायला पुढे येतो आणि दुसरी प्लेट दाखवून तो नवी जबाबदारी नाकारतो. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दिशेचा प्रश्न विचारला की विद्यार्थी ती पुन्हा विसरत नाही. वेट या शब्दाचेही असेच आहे: ‘पुल युअर वेट’ म्हणजे आपल्या वाट्याचे काम करणे, ‘कॅरी वेट’ म्हणजे शब्दाला वजन असणे आणि ‘थ्रो युअर वेट अराउंड’ म्हणजे अधिकाराचा रुबाब दाखवणे. यांपैकी पहिला सर्वांत महत्त्वाचा आहे. स्पॅनिशमधला ‘आर्रिमार एल ओम्ब्रो’, म्हणजे खांदा लावणे, त्याच्याजवळ ठेवता येतो. फरक असा की खांदा लावण्यात मदतीची उदारता आहे, तर ‘पुल युअर वेट’मध्ये ‘तुझ्या वाट्याचे तेवढे तरी कर’ असा इशारा असतो. आपल्याकडे ‘हातभार लावणे’ आणि ‘पाट्या टाकणे’ यांत जे अंतर आहे ते मनात ठेवले म्हणजे शिक्षकाला हा सूर पकडायला सोपे जाईल.

जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याचा इंग्रजीतला खास प्रयोग म्हणजे ‘पास द बक’. बक म्हणजे डॉलर, हे विद्यार्थ्याने कुठेतरी ऐकलेले असते आणि त्यामुळे तो पैसे पुढे सरकवण्याचा, क्वचित लाच देण्याचा अर्थ लावतो. हा बक पोकर खेळातला आहे: पत्ते वाटण्याची पाळी कोणाची आहे हे दाखवणारी खूण, जी पाळी नको असलेला खेळाडू पुढे सरकवत असे. यावरूनच ‘द बक स्टॉप्स हिअर’ हे वाक्य घडले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या टेबलावर या वाक्याची पाटी असे. ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो इथल्या सुधारगृहात तयार झालेली ती पाटी त्यांना ऑक्टोबर १९४५ मध्ये पाठवण्यात आली होती आणि तिच्या मागच्या बाजूला ‘मी मिझुरीचा आहे’ असे लिहिलेले होते. वाक्याचा अर्थ असा की जबाबदारी सरकत सरकत माझ्यापर्यंत आली आणि आता ती पुढे कुठेही जाणार नाही. स्पॅनिशमध्ये ‘पासार ला पेलोता’ म्हणजे चेंडू पुढे ढकलणे आणि ‘एस्कुर्रीर एल बुल्तो’ म्हणजे शिताफीने अंग काढून घेणे, असे दोन प्रयोग आहेत. ‘पास द बक’ला पहिला जवळचा, कारण दुसऱ्यात जबाबदारी कोणा ठरावीक माणसाकडे जातेच असे नाही.

दोष पत्करण्याच्या बाबतीत स्पॅनिश इंग्रजीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. फुटलेल्या ताटल्यांचे पैसे भरणे, बदकाचे पैसे भरणे, मुडदा वाहून नेणे हे सारे ‘दुसऱ्याच्या चुकीचे आपण भोगणे’ या अर्थाचे प्रयोग आहेत आणि आपल्या ‘खापर फोडणे’शेजारी ते शोभून दिसतात. ब्रिटिश इंग्रजीत याला ‘कॅरी द कॅन’ म्हणतात, पण तो आता फार ऐकू येत नाही. त्यापेक्षा ‘दॅट्स ऑन मी’ आधी शिकवावा, कारण तो रोजचा आहे आणि त्यात एक सापळा दडलेला आहे. चूक झाल्यावर ‘दॅट्स ऑन मी’ म्हटले तर ‘ती माझी चूक’ असा अर्थ होतो आणि जेवणाचे बिल आल्यावर ‘इट्स ऑन मी’ म्हटले तर ‘पैसे मी देतो’.

सारखे दिसणारे, पण फसवे

सर्वांत फसवा नमुना आयवरच्या टिंबांचा आहे. इंग्रजीत ‘डॉट द आइज अँड क्रॉस द टीज’ म्हणजे बारीकसारीक तपशील काटेकोरपणे पूर्ण करणे. स्पॅनिशमध्ये ‘पोनेर लोस पुंतोस सोब्रे लास ईएस’ हा प्रयोग आहे, त्यातही आयवर टिंब द्यायचे आहे, पण बोलताना त्याचा अर्थ बहुधा ‘एकदाचे स्पष्ट सुनावणे, सगळे उघड करून सांगणे’ असा होतो. वरिष्ठांनी अहवालाबाबत ‘प्लीज डॉट द आइज’ असे लिहिले आणि विद्यार्थ्याने ग्राहकाला चार खडे बोल असलेला ईमेल धाडला, तर दोष त्याच्या उद्धटपणाचा नसेल.

‘ड्रॉप द बॉल’ची, म्हणजे सोपवलेले काम हातून राहून जाण्याची, तुलना ‘मेतेर ला पाता’शी करण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा. पाय घालणे म्हणजे कोणतीही घोडचूक, अगदी चारचौघांत नको ते बोलून जाणेसुद्धा. चेंडू पडायला मात्र तो आधी तुमच्या हाती सोपवलेला असावा लागतो. ‘होल्ड द फोर्ट’च्या बाबतीत शिक्षकानेच स्वतःला सांभाळावे, कारण आपल्या ‘किल्ला लढवणे’ला वीरश्री आहे आणि स्पॅनिशमधल्या ‘आल पिए देल कान्योन’, म्हणजे तोफेच्या पायथ्याशी असणे, यालाही आहे. इंग्रजी ऑफिसमध्ये मात्र तासभर बाहेर जाणारा माणूस शेजाऱ्याला ‘होल्ड द फोर्ट’ म्हणतो आणि त्याला फक्त ‘तोवर इकडे बघ’ एवढेच सांगायचे असते. ‘अबव्ह माय पे ग्रेड’ यात पगाराची तक्रार नसून हा निर्णय माझ्या अधिकारात बसत नाही, असे सांगणे असते. ‘वेअर मेनी हॅट्स’ म्हणजे एकाच माणसाने अनेक भूमिका निभावणे. ‘ओम्ब्रे ओर्केस्ता’, एकटाच सगळी वाद्ये वाजवणारा, हा त्याचा भाऊ म्हणता येईल.

एक ईमेल, ओळीने

सरावासाठी सुटी वाक्ये देऊ नयेत. खऱ्या ईमेलसारखा मजकूर द्यावा आणि वाचून झाल्यावर कोणाकडे काय आहे ते साध्या स्पॅनिशमध्ये, कोणताही वाक्प्रचार न वापरता, सांगायला लावावे. उदाहरणार्थ: ‘मारिया इज अवे टिल थर्सडे, सो लुईस इज होल्डिंग द फोर्ट. ही ऑलरेडी हॅज अ लॉट ऑन हिज प्लेट, सो आय नीड एव्हरीवन टु पुल देअर वेट. द काँट्रॅक्ट इज विथ द क्लायंट अँड द बॉल इज इन देअर कोर्ट. व्हेन इट कम्स बॅक, डोन्ट लेट इट फॉल थ्रू द क्रॅक्स.’

पहिल्या वाक्यातून एवढेच निघायला हवे की गुरुवारपर्यंत मारियाचे काम लुईस पाहणार आहे. तिच्या जागी त्याची नेमणूक झालेली नाही. दुसऱ्या वाक्यात वरकरणी लुईसविषयी बोलत असले तरी काम सांगितले आहे ते बाकीच्यांना, आणि हा मुद्दा निम्म्या विद्यार्थ्यांच्या हातून निसटतो, म्हणून तो मुद्दाम विचारावा. तिसऱ्या वाक्यात करार आणि कोर्ट हे दोन शब्द एकत्र आले आहेत आणि स्पॅनिश ‘कोर्ते’चा अर्थ न्यायालय असाही होतो; तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आहे, असा समज झाला तर तो तर्काला धरूनच आहे. विद्यार्थ्याला चूक म्हणून न थांबवता ‘मग आता हालचाल कोणी करायची?’ असे विचारावे. उत्तर ‘ग्राहकाने’ असे आले की अर्थ त्याचा त्याला सापडतो. शेवटच्या वाक्यातल्या फटी म्हणजे जिथे काम कोणाच्याच नावावर नसल्यामुळे राहून जाते त्या जागा. अशा कामाचा धनी नेमलेलाच नाही, हे विद्यार्थ्याने स्वतःहून दाखवून दिले, तर त्याला ईमेल पुरता कळला असे समजावे.

बोलायला कोणते द्यावेत

समजण्यासाठी चाळीस वाक्प्रचार आणि बोलण्यासाठी पाच-सहा, हे प्रमाण मला योग्य वाटते. बोलण्याची सुरुवात ‘आय विल टेक केअर ऑफ इट’, ‘आय ॲम ऑन इट’ आणि ‘लीव्ह इट विथ मी’ यांनी करावी. जबाबदारी घेणारे प्रयोग चुकीच्या ठिकाणी वापरले गेले तरी कोणी दुखावत नाही. जबाबदारी दुसऱ्याकडे सरकवणारे किंवा दुसऱ्याची चूक काढणारे प्रयोग धारदार असतात. ‘वी ड्रॉप्ड द बॉल’ हे प्रामाणिकपणाचे वाक्य आहे, ‘यू ड्रॉप्ड द बॉल’ हा आरोप आहे आणि वरिष्ठांना ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ असे लिहिणे म्हणजे त्यांना कामाला लावणे आहे. ‘अबव्ह माय पे ग्रेड’ सहकाऱ्यांत खपून जाते. तेच साहेबांपुढे म्हटले तर टोमणा वाटतो. स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ वापरून आदर दाखवता येतो, जसा आपल्याला ‘आपण’ म्हणून दाखवता येतो. इंग्रजीत ती सोय नसल्यामुळे विद्यार्थी सौम्य समजून जे वाक्य बोलतो ते उघडे पडते. तिथे वाक्प्रचार बाजूला ठेवून ‘कुड यू’ने सुरू होणारा साधा प्रश्न शिकवावा.

बोलताना साचा मोडू द्यायचा नाही, हेही सांगावे लागते. स्पॅनिशमध्ये हात ‘माझे’ धुवायचे नसतात, नुसते ‘ते हात’ धुवायचे असतात. त्या सवयीने विद्यार्थी ‘पुल द वेट’ म्हणतो. इथे माय, युअर, हिज यांपैकी काहीतरी आलेच पाहिजे. उलट ‘होल्ड द फोर्ट’मधला ‘द’ गाळता येत नाही आणि ‘पास द बक’मध्ये बकच्या जागी डॉलर चालत नाही. टोप्यांची संख्या तेवढी हवी तशी बदलता येते: ‘आय वेअर टू हॅट्स’ हे उत्तम इंग्रजी आहे. नोकरीच्या अर्जात मात्र हा प्रयोग टाळून त्या टोप्या कोणत्या हे सरळ लिहावे, कारण मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न तोच विचारणार असतो.

विद्यार्थ्याची कंपनी ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे पहिल्याच तासाला विचारून ठेवावे. ‘होल्ड द फोर्ट’ अमेरिकेत बहुधा ‘होल्ड डाउन द फोर्ट’ असा ऐकू येतो. ‘पुल युअर सॉक्स अप’, म्हणजे आळस झटकून कामाला लागणे, हा ब्रिटिश प्रयोग आहे. स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘पोनेर्से लास पिलास’, म्हणजे स्वतःला बॅटऱ्या बसवणे, असे म्हणतात आणि विद्यार्थ्याला अर्थ तेवढ्यावरच कळतो.